‘उसने कहा था’ : मृतांच्या यादीतील एक ओळ आणि लहनासिंहाचे आयुष्य

१. प्रस्तावना

चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही हिंदी कथा १९१५ साली ‘सरस्वती’ मासिकात प्रसिद्ध झाली. पहिले महायुद्ध तेव्हा चालू होते. फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर लढणाऱ्या पंजाबी शेतकरी शिपायाची ही कथा गेली अनेक वर्षे देशभरच्या हिंदी पाठ्यक्रमांत शिकवली जाते. बहुतेक ठिकाणी ती ‘त्यागमय प्रेमाची कथा’ म्हणून शिकवतात. ते चूक नाही, पण तेवढ्याने कथेच्या शेवटाचा उलगडा होत नाही.

कथा लहनासिंहाच्या मृत्यूशी संपत नाही. ती त्यानंतर काही दिवसांनी वर्तमानपत्रात छापून आलेल्या एका ओळीपाशी संपते. त्या ओळीत आघाडीचे नाव आहे, यादीचा क्रमांक आहे, मृत्यूचे कारण आहे, पलटण, हुद्दा आणि नाव आहे. लेखकाने त्यावर स्वतःचे एक अक्षरही जोडलेले नाही. प्रेमकथाच सांगायची होती, तर ती अशा सरकारी ओळीवर का थांबावी? या पाठात आपण या प्रश्नाच्या आधाराने कथा वाचणार आहोत. माझे म्हणणे थोडक्यात असे : ही कथा म्हणजे मृतांच्या यादीतील एका ओळीचे वाचन आहे. त्या ओळीत जे मावत नाही ते कथा आधी सांगते आणि मग ती ओळ आपल्यासमोर ठेवते.

लेखकाच्या निधनाला शतक उलटून गेले असल्यामुळे मूळ कथा सहज आणि विनामूल्य उपलब्ध आहे. अर्ध्या तासात ती वाचून होते. हा पाठ वाचण्यापूर्वी ती वाचावी, कारण पुढील विवेचनात कथेतील सर्व गोष्टी उघड केल्या आहेत.

२. लेखक आणि काळ

गुलेरी (१८८३–१९२२) यांचा जन्म जयपूरचा, घराणे कांगडा भागातील गुलेरचे. संस्कृत आणि प्राचीन इतिहासाचे ते मोठे अभ्यासक होते. अजमेरच्या मेयो कॉलेजात त्यांनी अध्यापन केले आणि अखेरच्या काळात ते बनारस हिंदू विद्यापीठात होते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना रुचेल अशी एक गोष्ट म्हणजे, जयपूरच्या जंतरमंतर वेधशाळेची विसाव्या शतकाच्या आरंभी दुरुस्ती झाली तेव्हा ऐन विशीत असलेल्या गुलेरींनी त्या कामात साहाय्य केले होते. जुन्या यंत्रांवरच्या खुणा पाहून ती कशासाठी होती हे शोधून काढणाऱ्या माणसाने पुढे तीनच कथा लिहिल्या असे सामान्यतः मानले जाते. ‘सुखमय जीवन’ आणि ‘बुद्धू का काँटा’ या इतर दोन. नाव राहिले ते तिसरीमुळे.

आता काळ. १९१४ च्या सप्टेंबर अखेरीस हिंदी सैन्याच्या लाहोर आणि मीरत या तुकड्या फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरू लागल्या. ऑक्टोबरमध्ये त्या बेल्जियमच्या सीमेवरील चिखलात उभ्या होत्या. मार्च १९१५ मध्ये नव्ह-शापेलची लढाई झाली. १९१५ अखेर हिंदी पायदळ तेथून हलवण्यात आले. युद्ध संपेपर्यंत दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली होती आणि लढाऊ भरतीत पंजाबचा वाटा सर्वांत मोठा होता. म्हणजे ही कथा छापून आली तेव्हा ती इतिहासाविषयी नव्हती. ज्या घरात ‘सरस्वती’चा अंक वाचला जात होता, त्याच्या शेजारच्या घरातला मुलगा कदाचित त्याच क्षणी खंदकात होता.

३. कथानक थोडक्यात

अमृतसरच्या बाजारात बारा वर्षांचा एक मुलगा आणि आठ वर्षांची एक मुलगी एका दुकानावर भेटतात. दोघेही मामाकडे आलेले. तो दही न्यायला आला आहे, ती डाळीच्या वड्या, म्हणजे आपल्याकडच्या सांडग्यांसारखा जिन्नस. पुढे महिनाभर भेटी होत राहतात आणि प्रत्येक वेळी तो तिला चिडवतो : तुझी सोयरीक झाली का? ती लाजून पळते. एक दिवस मात्र ती सांगते की हो, कालच झाली. पुरावा म्हणून अंगावरचा रेशमी कशिद्याचा सालू दाखवते.

मधली पंचवीस वर्षे गाळून कथा थेट खंदकात जाते. लहनासिंह आता जमादार आहे. सोबत सुभेदार हजारासिंह, त्याचा आजारी मुलगा बोधासिंह आणि पलटणीतला विदूषक वजीरासिंह. लहना आपली घोंगडी बोधाला देतो, अंगातली जर्सी काढून देतो आणि त्याच्या वाटचा पहाराही करतो. रात्री ‘लपटन साहेब’ येऊन सुभेदाराला बहुतेक शिपायांसह दूरच्या हल्ल्यावर पाठवतो. हा साहेब म्हणजे वेषांतर केलेला जर्मन आहे हे लहना ओळखतो. वजीराला पाठवून तो सुभेदाराला परत बोलावतो, खंदकात पेरले जाणारे सुरुंग रोखतो. चकमकीत त्याच्या मांडीत आणि मग बरगडीत गोळी लागते. दुसरी जखम तो ओल्या मातीने भरून वर फेटा आवळून लपवतो. जखमींसाठी आलेल्या गाडीत बोधाला आणि सुभेदाराला बसवून देतो. स्वतः मागे राहतो आणि वजीराच्या मांडीवर डोके ठेवून मरतो.

मरताना त्याला आठवते ती लढाईवर निघण्यापूर्वीची भेट. सुभेदाराची बायको म्हणजे तीच बाजारातली मुलगी. एकदा बिथरलेल्या घोड्यापासून तू मला वाचवले होतेस, तसेच या दोघांना वाचव, असे म्हणत तिने पदर पसरला होता.

४. रचना : कोणाला काय माहीत आहे?

कथेचे पाच भाग आहेत आणि घटनांचा क्रम जाणीवपूर्वक मोडलेला आहे. सुभेदारणीची मागणी काळाच्या हिशेबाने खंदकाच्या आधीची, पण आपल्याला ती कळते शेवटच्या भागात. त्यामुळे लहना जर्सी काढून देतो तेव्हा तो आपल्याला फक्त एक भला माणूस वाटतो. विलायतेहून मडमांनी विणून पाठवलेली दुसरी जर्सी माझ्याकडे आहे, असे तो बोधाला सांगतो. ती थाप असते. त्या वेळी आपण ती थाप कौतुकाने वाचतो. कथा संपल्यावर मागे वळून पाहिले की कळते, तो दिलेला शब्द पाळत होता आणि ज्याच्यासाठी पाळत होता त्याला कळू न देता पाळत होता.

या कथेतील माहितीची वाटणी तपासून पाहण्यासारखी आहे.

– सुभेदाराने लढाई पाहिली आहे. पण आपल्या बायकोने लहनाकडे काय मागितले हे त्याला ठाऊक नाही आणि बरगडीतल्या गोळीचाही त्याला पत्ता नाही.

– बोधा तापात बरळतो आहे. आपल्या अंगावरची ऊब कोणाची आहे हे त्याला नीट माहीत नाही.

– वजीरा लहनाला मरताना पाहतो. त्याचे असंबद्ध बोलणे ऐकतो, पण त्याचा संदर्भ त्याला लागत नाही.

– सुभेदारणीला मागणी माहीत आहे. खंदकात काय झाले ते तिच्यापर्यंत एका त्रोटक निरोपानेच पोहोचणार आहे.

– वर्तमानपत्राला क्रमांक, हुद्दा आणि नाव माहीत आहे.

सर्व काही माहीत असलेला माणूस एकच होता आणि तो मेला. आता ते सगळे फक्त वाचकापाशी आहे. म्हणून शेवटची ओळ वाचताना जो धक्का बसतो तो मृत्यूचा नसतो, कारण मृत्यू आपण आधीच पाहिलेला असतो. त्या ओळीत काहीही खोटे नाही आणि तरीही तिला काहीच माहीत नाही, हे जाणवल्याचा तो धक्का असतो.

आपण तांत्रिक शिक्षण घेणारी माणसे नोंदींवर विश्वास ठेवतो आणि तो ठेवायलाच हवा. नोंद नसती तर ते नावही उरले नसते. फ्रान्समधील नव्ह-शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर कबरही न लाभलेल्या ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. आपल्याकडे सातारा-कोकणातल्या काही गावांत इंग्रजांनी बसवलेले दगडी फलक आजही दिसतात. या गावातून इतकी माणसे महायुद्धावर गेली, पैकी इतकी मेली, एवढाच त्यावर मजकूर. नावेही नाहीत, नुसती संख्या. गुलेरींची कथा नोंदीच्या विरोधात नाही. नोंदीच्या प्रत्येक ओळीमागे किती मजकूर गाळला गेलेला असतो याचा ती एक नमुना देते.

एक छोटा हिशेबही करून पाहावा. बारा अधिक पंचवीस म्हणजे मरताना लहना सदतीस वर्षांचा आहे. तरीही वर्गात विचारले की बहुतेक विद्यार्थी त्याचे वय विशीतले सांगतात. त्याचे कारण कथेच्या बांधणीत आहे. आपल्याला त्याच्या आयुष्याची दोनच टोके दिसतात, बाजारातला मुलगा आणि खंदकातला जमादार. मधले सगळे कोरे आहे. त्याच्या स्वतःच्या संसाराविषयी कथा जवळपास मौन पाळते. त्यामुळे आपल्या मनात मरतो तो तो मुलगाच. कोवळ्या वयाचा खरा शिपाई म्हणजे बोधा, तो वाचतो. मरणाची पाळी जणू त्याची होती आणि लहनाने ती आपल्या अंगावर घेतली.

५. माती

यादीत न मावणारी पहिली गोष्ट म्हणजे माती. या कथेतील माणसे सतत जमिनीविषयी बोलतात. खंदकातले गढूळ पाणी उपसतानाही असे खताचे पाणी पंजाबभर मिळणार नाही, मळ्यातल्या खरबुजांना घाल, अशी थट्टा चालते. लढाई संपल्यावर सरकारकडे इथेच थोडी जमीन मागून फळझाडे लावायचे बेत होतात. लहना रजेवर घरी गेला होता तोही जमिनीच्या खटल्यासाठी. सुभेदारीण सांगते की सरकारने किताब दिला, लायलपुरात जमीन दिली, आता निमकहलालीची वेळ आली आहे.

हा लायलपूरचा उल्लेख घाईने ओलांडू नये. चिनाब आणि रावी यांच्यामधला कोरडा माळ १८९२ मध्ये खुल्या झालेल्या लोअर चिनाब कालव्याने ओलिताखाली आला. त्या कालवा वसाहतीचे केंद्र म्हणजे पंजाबचे तत्कालीन लेफ्टनंट गव्हर्नर सर जेम्स लायल यांच्या नावाने वसलेले लायलपूर, आजचे पाकिस्तानातील फैसलाबाद. या वसाहतींतील जमिनींचा एक हिस्सा निवृत्त सैनिकांना देण्यात येई. सैन्यात नोकरी केली की जमीन मिळते, हे गावोगाव लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. सिंचनाचे एवढे मोठे काम अशा रीतीने भरतीचेही साधन झाले. कालव्याच्या संकल्पनेवर आपण वर्गात आडवे छेद आणि प्रवाहमान मोजतो. त्या पाण्याच्या मोबदल्यात फ्लँडर्समध्ये कोणाची मुले गेली, हे सुभेदारणीच्या एका वाक्यात आले आहे.

म्हणूनच लहनाचा शेवट लक्षात घेण्यासारखा आहे. आपण कुठे मरणार हे तो आधीच थट्टेत सांगून बसलेला असतो : गावच्या ओढ्याकाठी, भाऊ कीरतसिंहाच्या मांडीवर डोके ठेवून, अंगणात स्वतः लावलेल्या आंब्याच्या सावलीत. प्रत्यक्षात मरताना तो वजीरालाच कीरतसिंह समजतो. यंदा आषाढात आंबा चांगला फळेल, काका-पुतण्या मिळून खा, असे सांगतो. ज्या महिन्यात पुतण्या जन्मला त्याच महिन्यात त्याने ते झाड लावलेले होते. सरकारी यादीत मृत्यूचे स्थळ ‘फ्रान्स आणि बेल्जियम’ आहे. लहनाच्या दृष्टीने तो आपल्या अंगणात मेला.

६. बोली

दुसरी गोष्ट बोली. कथेची सुरुवात अनेकांना लांबलेली वाटते. अमृतसरचे गाडीवाले गर्दीतून वाट काढताना कसे गोड बोलतात आणि मोठ्या शहरांतले एक्केवाले कसे चाबकासारखे बोलतात, याचे खेळकर वर्णन करून मग लेखक मुद्द्यावर येतो. हा भाग सोडून द्यावा असे वाटू शकते. पण माणूस त्याच्या बोलण्यावरून ओळखता येतो, हे सूत्र तेथेच रुजवलेले आहे आणि कथेतला सर्वांत महत्त्वाचा पेच त्याच सूत्राने सुटतो.

तोतया साहेबाला लहना कसा ओळखतो? त्याचे उर्दू अस्खलित असते, खऱ्या साहेबापेक्षा फारच शुद्ध, पुस्तकी. तो शीख शिपायाला सिगारेट देऊ करतो. मग लहना मागच्या शिकारीच्या आठवणी काढतो आणि त्यांत अशक्य गोष्टी पेरतो : साहेब गाढवावर बसले होते, मुसलमान खानसामा देवळात पाणी वाहायला थांबला होता, नीलगाईची शिंगे हातभर लांब होती. तोतया सगळ्याला मान डोलावतो आणि शिंगांचे मापही सांगतो. नीलगाईची शिंगे वीतभरच असतात हे पंजाबातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. जर्मनांच्या हेरखात्याने भाषा शिकवली, गणवेश मिळवला. गावात राहिल्याशिवाय कळत नाही ते मात्र त्याला शिकवता आले नाही.

येथे लेखकाने खेडुताकडे पाहण्याची नेहमीची रीत उलटवली आहे. त्या काळच्या सरकारी भाषेत पंजाबी शेतकरी हा ‘लढवय्या जातीचा’, म्हणजे शूर पण डोक्याने साधा, असा समजला जाई. लहनाचे शौर्य त्याच्या दंडात आहे त्याहून अधिक त्याच्या डोक्यात आहे.

याच अंगाने पहिल्या भागातला एक प्रसंग पाहावा. सोयरीक झाल्याचे ऐकून मुलगा घरी निघतो. वाटेत एका पोराला गटारात ढकलतो, एका फेरीवाल्याची दिवसाची कमाई उधळतो, कुत्र्याला दगड मारतो, कोबीच्या गाडीवर दूध सांडतो, सोवळ्यातल्या एका बाईला धडकून शिव्या खातो आणि घरी पोचतो. दुःख, निराशा, प्रेम यांपैकी एकही शब्द लेखक वापरत नाही. बारा वर्षांच्या पोराला आपल्याला काय होते आहे हे ठाऊक नसते, म्हणून निवेदकही ते सांगत नाही. भावना कशी लिहावी याचा वस्तुपाठ म्हणून हा परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचावा.

७. शब्द

तिसरी गोष्ट शीर्षकातच आहे. गाडी सुटताना लहना सुभेदाराला निरोप देतो : घरी पत्र लिहाल तेव्हा सुभेदारणीला कळवा की तिने जे सांगितले होते ते मी केले. सुभेदार विचारतो, तिने काय सांगितले होते? लहना उत्तर टाळून गाडी पुढे काढायला लावतो. पुढे मरणाच्या ग्लानीत तेच शब्द परत परत येत राहतात.

मराठी वाचकाने येथे थांबून विचार करावा. हिंदीतील ‘उसने’ या शब्दावरून बाई की पुरुष हे कळत नाही. मराठीत शीर्षकाचे भाषांतर करायला बसलो की ‘तिने’ किंवा ‘त्याने’ यांपैकी एक निवडावेच लागते आणि ‘तिने सांगितले होते’ असे म्हणताच अर्धे गुपित पहिल्या पानाआधी फुटते. मूळ शीर्षक शेवटच्या भागापर्यंत बंद राहते. आपल्या व्याकरणात ती सोय नाही. म्हणून मराठीत या कथेविषयी लिहितानाही मूळ शीर्षक तसेच ठेवणे मला योग्य वाटते. ‘सालू’चेही तसेच. आपला शालू म्हणजे नववधूची साडी, तर पंजाबातला सालू म्हणजे लाल ओढणी. दोन्ही लग्नाशी जोडलेले असले तरी डोळ्यांसमोर येणारे चित्र वेगळे.

शीर्षकाचा खरा जोर मात्र तुलनेतून कळतो. युद्धात मेलेल्या शिपायाविषयी सरकारी उत्तर ठरलेले असते : तो बादशहासाठी, साम्राज्यासाठी, कर्तव्यासाठी मेला. कथेचे शीर्षक त्याच प्रश्नाचे वेगळे उत्तर देते. ‘सरकारने सांगितले होते’ असे ते म्हणत नाही. एका बाईने आपली माणसे वाचवण्यासाठी शब्द टाकला होता आणि तो पाळताना हा मेला. लहना पलटणीशी इमान राखतो, खंदक वाचवतो, शत्रूला मारतो. पण शेवटच्या घटकेला त्याच्या तोंडी राजा नाही, सरकार नाही, विजयही नाही. आहे ते तिचे बोलणे, भाऊ, पुतण्या आणि आंबा. कथा राजनिष्ठेला आव्हान देत नाही. मरणाऱ्या माणसाच्या मनात तिला जागाच नाही, एवढे दाखवून ती पुढे जाते.

८. मर्यादा

कथा अभिजात आहे म्हणून तिचे दोष झाकू नयेत.

पहिला दोष युद्धचित्रणाचा. हेराचे नाट्य, सत्तर जर्मनांचा हल्ला, मागून वेळेवर पोचलेला सुभेदार, पंधरा शीख विरुद्ध त्रेसष्ट जर्मन असा हिशेब, हे सारे साहसकथेच्या साच्यातले आहे. लहनाच्या हातातली हेन्री-मार्टिनी एकेक गोळी भरून झाडायची, जुन्या जमान्याची बंदूक. फ्रान्समध्ये उतरलेल्या हिंदी पलटणींना नव्या ली-एनफिल्ड दिल्या गेल्या होत्या. शीख रायफल्सला दिलेला ७७ हा क्रमांकही कल्पित आहे. प्रत्यक्षात १५ वी आणि ४७ वी शीख पलटण तेथे होती. अर्थात लेखकाने आघाडी पाहिलेली नव्हती. चिखल, थंडी आणि निष्क्रिय बसून राहण्याचा वैताग मात्र त्याने अचूक पकडला आहे.

दुसरा दोष स्त्रीपात्राचा. सुभेदारीण हे तिचे नाव नव्हे, नवऱ्याच्या हुद्द्यावरून आलेली ओळख आहे. बाजारातल्या त्या हजरजबाबी मुलीलाही नाव दिलेले नाही. सरकारने आम्हा बायकांची पलटण का उभारली नाही, म्हणजे मीही सुभेदाराबरोबर गेले असते, असे ती म्हणते. तिची चार मुले गेलेली आहेत आणि उरलेला एकुलता एक मुलगा लढाईवर निघाला आहे. हे दुःख मोठे आहे, पण कथा ते लहनाच्या आठवणीपुरतेच वापरते. लहनाच्या मृत्यूची ओळ वाचून तिचे काय झाले असेल, हा प्रश्न कथा आपल्यावर सोडते.

तिसरा मुद्दा गंभीर आहे. कथा ज्या वर्षी छापली गेली त्याच वर्षी पंजाबात गदर चळवळीचा उठाव फसला. हिंदी पलटणींनीच इंग्रजांविरुद्ध उठावे असा तो बेत होता. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात सात जणांना फाशी झाली. त्यांत लुधियाना जिल्ह्यातील सराभा गावचा अवघ्या एकोणीस वर्षांचा कर्तारसिंह होता आणि पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे होते. पिंगळे अमेरिकेत अभियांत्रिकी शिकायला गेले होते. परत येऊन ते शिपायांत काम करू लागले आणि मीरतच्या छावणीत बाँबसह पकडले गेले. लहनासिंहाच्याच मातीतली, त्याच वर्षीची ही दुसरी वाट. कथेत तिची सावलीही नाही. उलट गावात येऊन जर्मनांची स्तुती करणाऱ्या आणि टपाल कचेरीतले पैसे काढून घ्या म्हणून सांगणाऱ्या तुर्की मौलवीची लहनाने टर उडवलेली आहे.

याचा दोष केवळ लेखकाला देता येणार नाही. १९१० चा छापखाना कायदा आणि मार्च १९१५ चा भारत संरक्षण कायदा यांच्या दडपणाखाली मासिके निघत होती. तरीही वाचकाने हे मौन लक्षात ठेवलेच पाहिजे. लहनाचा त्याग खरा मानायचा आणि त्याच वेळी तो ज्या युद्धात खर्ची पडला ते युद्ध कोणाचे होते हेही विचारायचे, या दोन गोष्टी एकत्र करणे अवघड आहे. कथा पहिली गोष्ट करते. दुसरी आपल्याला करावी लागते.

९. समारोप

१९६० साली बिमल रॉय यांच्या निर्मितीत आणि मोनी भट्टाचारजी यांच्या दिग्दर्शनाखाली या कथेवर त्याच नावाचा चित्रपट निघाला. त्यात काळ दुसऱ्या महायुद्धाचा केला आहे. तसे करता आले याचे कारण कथेचा गाभा कोणत्याही एका युद्धाला बांधलेला नाही.

अलीकडे जुन्या नोंदी खुल्या होऊ लागल्या आहेत. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सुमारे ३,२०,००० पंजाबी सैनिकांच्या गावनिहाय नोंदवह्या लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात पडून होत्या. २०२१ पासून त्या संगणकावर शोधता येऊ लागल्या. आज आजोबा-पणजोबांचे नाव शोधत कितीतरी कुटुंबे त्या पाहतात. अशा नोंदीत नाव सापडणे ही मोठी गोष्ट आहे. पण नाव सापडल्यावर पुढचा प्रश्न उभा राहतो : हा माणूस कशासाठी थांबला, कोणाला काय सांगून गेला, कोणते झाड लावून गेला? त्याचे उत्तर नोंदवहीत नसते. एका लहनासिंहापुरते ते गुलेरींनी लिहून ठेवले आणि मग सरकारी ओळ खाली तशीच, न बदलता ठेवली. ती ओळ आपण आता कोरडेपणाने वाचू शकत नाही, हे या कथेचे काम आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. सुभेदारणीच्या मागणीचा प्रसंग खंदकाच्या आधी सांगितला असता, तर जर्सीच्या प्रसंगाचा परिणाम कसा बदलला असता?

२. कथेतील जमिनीचे सर्व उल्लेख शोधून त्यांची यादी करा. त्यांतून शिपायांच्या भरतीमागची कोणती कारणे दिसतात?

३. शीर्षकाचे मराठी भाषांतर करून पाहा. लिंग उघड न करता ते साधता येते का?

४. लहनासिंह आणि कर्तारसिंह सराभा यांच्या मृत्यूंकडे एकाच वेळी आदराने पाहता येईल का? आपले मत कारणांसह मांडा.

५. आपल्या गावातील किंवा जवळच्या परिसरातील एखाद्या युद्धस्मारकावरचा मजकूर उतरवून आणा. त्यात काय सांगितले आहे आणि काय गाळले आहे, ते लिहा.